निळं न झालेलं विरजण

प्रश्न १. पेशी म्हणजे काय? (गुण २)

जूनमध्ये मी या प्रश्नावर नापास झाले. उत्तर येत नव्हतं असं नाही. पेपर समोर आला आणि वाटलं, हे दोन गुणांत मावणार नाही. सगळे माना खाली घालून लिहीत होते आणि मी बिश्केकच्या त्या उंच खिडकीतून पॉपलरचा कापूस उडताना बघत होते. एक पुंजका आत आला आणि माझ्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर बसला. मी तो उचलला नाही. वेळ संपली.

सप्टेंबरात फेरपरीक्षा होती. नर्सिंगच्या शाळेने सतरा प्रश्नांची यादी हातात दिली. ती चौघडी करून मी सुसामिरला, आमच्या जायलूवर घेऊन आले. त्या कुरणात उन्हाळाभर आमच्या चौदा घोड्या चरतात आणि माझी आई मिस्काल किमिझ करते. घोडीचं दूध, त्यात विरजण, आणि घुसळण. एवढंच असतं त्यात. खालचं सगळं मी त्या यादीच्या समासात लिहिलं आहे. प्रश्नांचा क्रम शाळेचा होता. तो इथे राहिला नाही.

प्रश्न ११. सूक्ष्मजीव आणि रोगप्रसार.

हा एकच धडा मला तोंडपाठ होता. किती अंशांना काय मरतं, क्लोरीनच्या किती गोळ्या, हात किती वेळ धुवायचे. याच्या आधीचे दहा धडे धुक्यात होते, पण हा लख्ख.

त्या वर्षी आमच्याकडे पाहुणे म्हणून बेइशेन आगाय राहिले होते. आगाय म्हणजे मास्तर; तलासच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हिवाळ्यात त्यांची फुप्फुसं आजारली होती. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली, किमिझ त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर जोडलं. सामानात दोन सदरे आणि लाकडी पेटीतला जुना सूक्ष्मदर्शक. शाळा तो भंगारात काढत होती. आगाय म्हणाले, दोघांना एकदमच काढलं, तेव्हा आम्ही एकत्र निघालो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी किमिझचा थेंब काचेवर घेतला, खालचा आरसा सूर्याकडे वळवला आणि मला बोलावलं. मी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात गोल गोल पेशी, काहींना लहान गाठ फुटलेली, आणि त्यांच्यामधून बारीक काड्या थरथरत चाललेल्या. हजारो. मला वाटलं, मी वरून एखादी जत्रा बघते आहे आणि तिथल्या कुणालाही मी दिसत नाही.

आगायांनी विचारलं, काय दिसतंय. मी म्हणाले, जिवाणू. ते हसले, आणि हसता हसता त्यांना पोट धरून बाहेर पळावं लागलं.

तीन दिवस त्यांचं पोट बिघडलेलं होतं. आता हे जायलूवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की नव्या माणसाचं पोट पहिले तीन दिवस किमिझने ढवळतं, चौथ्या दिवशी बसतं. लहानपणी मीच पाहुण्यांना हे सांगून खिदळायचे. पण मध्ये मी एक वर्ष शहरात राहिले होते.

आपा त्याच सकाळी चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला खाली गावात निघाली. आईला आम्ही आपाच म्हणतो. दोन दिवसांत येते म्हणाली. जाताना दाराजवळच्या साब्याकडे बोट केलं. साबा म्हणजे धुरावलेल्या घोड्याच्या कातड्याची, माझ्या छातीपर्यंत येणारी पिशवी, तोंडातून रवीचा दांडा वर आलेला. घुसळत राहा, आल्यागेल्याकडून घुसळून घे, एवढंच सांगितलं. धुण्याबद्दल काही बोलली नाही. कोण बोलेल?

मी साबा रिकामा केला.

आमच्यात पांढरं, म्हणजे दूध, दही, किमिझ, जमिनीवर सांडत नाहीत. म्हणून मी ते ओढ्याकाठच्या गवतावर, अगदी हलक्या हाताने, थोडं थोडं ओतलं, जणू हळू ओतल्याने काही कमी होतं. मग हात भाजेल इतकं गरम पाणी, सोडा, क्लोरीनच्या चार गोळ्या. शिवणींमध्ये वर्षानुवर्षं बसलेला पिवळट गाळ मी काडीने कोरून काढला. दुपारपर्यंत साबा स्वच्छ झाला. त्याला दवाखान्याचा वास येत होता. मला फार बरं वाटलं.

प्रश्न २. सजीवाची लक्षणे लिहा.

आपा आली. घोड्यावरून उतरली, लग्नातल्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं गाठोडं माझ्याकडे दिलं, आत गेली आणि रोजच्यासारखा साब्याला कान लावला.

किमिझ जिवंत असतं तेव्हा आतून बारीक सळसळ ऐकू येते. बर्फ वितळायला लागताना गवतातून येते तशी. आपाने कान लावला तो काढलाच नाही. धुतल्यावर मी त्यात ताजं दूध घातलं होतं, ते तसंच पडून होतं. गप्प.

"कशाने धुतलास?"

मी सांगितलं. पाणी किती गरम, हेही तिने विचारलं. मी तेही सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती बादली घेऊन दूध काढायला गेली, कारण घोड्या थांबत नाहीत. दर दोन तासांनी काढावं लागतं, माणसाचं काहीही होवो.

ते विरजण तायनेचं होतं. तायने म्हणजे आपाची आई. आपा लग्न होऊन आली तेव्हा खोगिराला बांधलेल्या लहान पिशवीत ते तिच्याबरोबर आलं. त्यानंतर एकवीस उन्हाळे. हिवाळ्यात गाळ फडक्यावर वाळवून ठेवायचा, वसंतात दुधात सोडायचा. यंदाचं फडकं मे महिन्यातच वापरून झालं होतं. तायने जानेवारीत गेली. तिचा एक फोटो आहे आमच्याकडे. त्यात ती हलली आहे, चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड आहे. हललं नव्हतं ते हे विरजण. ते मी गवतावर ओतलं होतं.

आसपासच्या कुठल्याही युर्तीतून, लोकरी नमद्याच्या गोल तंबूतून, विरजण मिळालं असतं. किमिझ झालं असतं, पाहुणे प्याले असते. तायने झाली नसती.

प्रश्न ४. पेशीपटलाचे कार्य.

आगायांना कळलं तेव्हा ते टोपी हातात घेऊन बसले. चूक थोडी माझीही आहे, म्हणाले, मी तुला अर्धंच दाखवलं. मग उठले, सुईने साब्याच्या शिवणीतून राहिलेला कण काढला आणि आपाच्या औषधाच्या डब्यातली निळ्या औषधाची बाटली मागितली. गुडघा फुटला की लावतात ते. एक टिपूस, भरपूर पाणी घालून, काचेवर.

त्यांनी मला समजावलं ते असं. रंग सगळ्यांच्याच दारात जातो. मेलेल्या पेशीचं पटल सताड उघडं असतं. रंग आत शिरतो आणि बसून राहतो. जिवंत पेशीतही थोडा शिरतो, पण ती त्याला आत विझवून टाकते. म्हणून जिवंत पेशी पांढरी दिसते.

मी डोळा लावला. निळ्या मण्यांची माळ तुटून पसरली होती. एकूण एक निळा. मी काच सरकवत गेले, सरकवत गेले. निळं एक गाव, पुढे निळं दुसरं गाव, सगळ्यांची दारं उघडी आणि आत कुणी नाही. मी कितीतरी वेळ त्या गावांमधून फिरत होते. बाहेर कुणी तरी शिंगराला हाक मारत होतं आणि ती हाक फार लांबून, पाण्यातून यावी तशी येत होती.

आपाने विचारलं, आहे का एखादं. आगाय म्हणाले, नाही.

प्रश्न ९. तांबड्या रक्तपेशी.

त्यांना केंद्रक नसतं. प्राणवायूला जागा व्हावी म्हणून त्या ते टाकून देतात. चार महिने जगतात. त्यांच्यात एकीच्या दोन होत नाहीत. आपा त्या दिवशी सहा वेळा दूध काढून आली. दर वेळी भरलेली बादली ठेवताना साब्याकडे न बघता गेली.

प्रश्न ७. पेशी कुठून येते?

"पेशीपासूनच," आगाय म्हणाले. "दुसरीकडून येत नाही. मिस्काल, हे विरजण तू कधी कुणाला दिलं होतंस?"

आपा चुलीपाशी पाठमोरी होती. एकीला दिलं होतं, म्हणाली, आणि मग नाव घ्यायला तिला चहा उकळेपर्यंत वेळ लागला. उर्कुया.

उर्कुया एजे, एजे म्हणजे ताई, खिंडीपलीकडच्या कुरणात असते. तिची आणि आपाची मैत्री सांगतात ती बहिणींपेक्षा जास्त होती. अकरा वर्षांपूर्वी आपाने तिला विरजण दिलं, तायनेच्याच पितळी भांड्यात. आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चार मनुका घाला, लोण्याचा गोळा घाला, काहीही. उर्कुयाने ते भांडं एका पोराच्या हाती परत पाठवलं, घासून लख्ख, आणि आत काही नव्हतं. आपाने पोराला विचारलं, काही निरोप? पोर म्हणालं, नाही. त्या दिवसापासून खिंड आमच्यासाठी डोंगर झाली.

आगायांनी सांगितलं, जाऊन घेऊन ये, ते तुझंच आहे. आपा म्हणाली, अकरा वर्षं तिच्या हातात आहे, आता तिचं.

"तू अर्धं दिलंस तेव्हा तुझं कमी झालं होतं?"

"दुसऱ्या दिवशी साबा होता तेवढाच फसफसला."

"मग सांग, कुठलं अर्धं तुझं आणि कुठलं तिचं?"

"आगाय, मेंढी अर्धी कापली तर दोन मेंढ्या होतात का?"

"मेंढी होत नाही. हे होतं. एक पेशी फुगते, तिला गाठ फुटते, गाठ मोठी होते, वेगळी होते. आता त्यातली आई कुठली आणि मुलगी कुठली हे काही दिवसांनी मला तीस वर्षं शिकवूनही सांगता येत नाही. तुझ्या आईने तुला दिलं तेव्हा तिच्याकडे राहिलं ते खरं की तुझ्याकडे आलं ते?"

आपाने चहा गाळून त्यांच्यापुढे ठेवला, पेला मात्र काठोकाठ भरला. पाहुण्याला चहा काठोकाठ भरून दिला की त्याचा अर्थ, आता प्या आणि उठा. आगाय प्याले आणि उठले.

मी त्यांच्यामागून बाहेर गेले. म्हणाले, आगाय, युर्तही पेशीसारखीच आहे ना, नमद्याचं पटल, मध्ये चूल. त्यांनी हात झटकला. या डोंगरातलं प्रत्येक पोर हेच लिहितं, म्हणाले, आणि मी तीस वर्षं शून्य देतोय. एका युर्तीच्या कधी दोन युर्ती होतात?

प्रश्न ६. (हा प्रश्न घडीवर आल्याने पुसला गेला आहे.)

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या दुधानंतर मी घोडा काढला. आपाला सांगितलं नाही. तिने बघितलं आणि अडवलं नाही. तायनेचं पितळी भांडं घेतलं. रिकामं न्यायचं नव्हतं, म्हणून त्यात लग्नातून आलेले ते तळलेले गोळे भरले.

उर्कुया एजे दाराशी मेंढीचं कातडं खारवत होत्या. मला बघून हात पुसले नाहीत. भांडं बघितलं आणि मग पुसले. मी सगळं खरं सांगितलं, क्लोरीनच्या गोळ्यांसकट. त्या ऐकत होत्या, आणि ओठ दाबून ठेवलेलं हसू शेवटी सुटलंच.

"एक वर्ष शिकलीस आणि साबा धुतलास. दोन वर्षं शिकली असतीस तर घोड्या उकळल्या असत्यास, पोरी."

मला आत नेलं. त्यांचा साबा आमच्यापेक्षा काळा होता. वास वेगळा, त्या देवदाराचा धूर देतात, आपा बर्चचा. दांडा माझ्या हातात दिला. आत येणाऱ्याने घुसळायचंच असतं. मी घुसळत होते आणि आतून ती सळसळ येत होती. तीन दिवस मी ती ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले, पण हात थांबवला नाही.

त्यांनी गोळे काढून घेतले आणि भांडं हातात धरून बसल्या. बोटाने त्याची कड फिरून फिरून पुसत होत्या.

"त्या वर्षी आमच्या घोड्या रोगाने गेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "विरजण वाचवायला मी लोकांकडून वाटीवाटी दूध मागत होते. भांड्यात घालायला घरात चिमूटभर पीठही नव्हतं. घासलं मात्र चांगलं. वाटलं, घासलेलं दिसेल तिला."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीत. म्हणाल्या, तुझ्या आपाने विचारलं का?

भांड्यात नाही, एका लहान कातडी पिशवीत त्यांनी विरजण दिलं आणि ती माझ्या कोटाच्या आत, पोटाशी बांधली. गार पडू देऊ नकोस, घोड्यावर झोपू नकोस. भांड्यात त्यांनी वाळवलेल्या दह्याचे गोळे भरले, वर आणखी एक ठेवला, तो पडला, पुन्हा ठेवला.

प्रश्न १४. तंतुकणिका.

मी झोपले. खिंडीनंतर ऊन पाठीवर होतं, घोड्याला वाट माहीत होती, आणि मी झोपेच्या इतक्या पातळ थरावर तरंगत होते की गवताचा आवाज येत होता पण गवत दिसत नव्हतं.

पोटाशी पिशवी श्वास घेत होती. खरंच घेत होती, आतली हवा वाढत होती आणि कातडं ताणलं जात होतं. विरजणाला माझी ऊब हवी होती. ही ऊब कुठे तयार होते ते यादीत होतं. प्रत्येक पेशीत लहान लहान भट्ट्या असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात, अन्न आणि प्राणवायू घेऊन त्या शरीर चालवतात. आणि त्याच्याखाली एक ओळ होती, जूनमध्ये मी ती शंभरदा वाचली होती आणि तिचा अर्थ मला कधी लागला नव्हता. तंतुकणिका आईकडूनच मिळतात.

म्हणजे माझ्या आपाकडून. तिच्या तायनेकडून. तायनेच्या आईकडून, जिचं नाव मला माहीत नाही. भट्टीतून भट्टी पेटत आलेली, मध्ये एकदाही न विझता. मी बघत होते, आणि माझ्या आत एक लांब वाट होती, तिच्यावर बायका एकामागून एक चालल्या होत्या, प्रत्येकीच्या पदरात निखारा, आणि शेवटी चेहऱ्याच्या जागी उजेड असलेली एक बाई वळून माझ्या पोटाशी बांधलेल्या पिशवीला हात लावत होती, गार तर नाही ना पडलं. नाही पडलं, मी म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं की तिचा विस्तव तिला शेकवतोय, तिचंच विरजण तिच्याच आचेवर. फक्त घोडा माझा.

घोडा ओढ्यापाशी थांबला आणि मी जागी झाले. तेच गवत, जिथे मी ओतलं होतं. तिथलं गवत जास्त हिरवं दिसत होतं की काय, सांगता येणार नाही. मी उतरून बघितलं नाही.

प्रश्न ५. निरीक्षण व निष्कर्ष.

आगायांनी टिपूस काचेवर घेतला, निळं घातलं. मी डोळा लावला. निळ्या पाण्यात पांढऱ्या पेशी. एक, सात, मोजता न येण्याइतक्या. एकीला गाठ फुटलेली, तीही पांढरी. मी बाजूला झाले आणि आपाला म्हणाले, बघ.

आपाने सूक्ष्मदर्शकाकडे बघितलंही नाही. पिशवीतून लाकडी वाटीत ओतलं. आधी वास घेतला. मग एक घोट, तोंडात बराच वेळ. आगाय टोपी काढून उभे होते. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली जातो का तिकडे.

"धूर तिचा आहे," आपा म्हणाली. दुसरा घोट घेतला. "आंबवते जरा जास्त. नेहमीच घाई तिला." बाहेर शिंगरं दुधासाठी खिंकाळायला लागली तरी वाटी दोन्ही हातांत धरून राहिली. "खाली आईच आहे."

साबा मी आधीच गार पाण्याने सात वेळा विसळला होता, आपाने त्याला बर्चचा धूर दिला होता आणि चरबी चोळली होती. कधी, मला माहीत नाही. मी खिंडीत असताना. म्हणजे मी निघाले तेव्हापासून तिला ठाऊक होतं. तिने ताजं दूध ओतलं, त्यावर पिशवी उलटी केली, पिशवीतही दूध घालून हलवलं आणि तेही ओतलं, थेंबभर मागे राहू नये म्हणून. मग दांडा माझ्या हातात दिला.

तेव्हा मी तिला भांडं दिलं. दह्याचे गोळे आणि वरचा तो एक जादाचा. आणि त्या वर्षाच्या घोड्यांचं सांगितलं, मागून आणलेल्या दुधाचं, घासण्याचं. आपा ऐकत होती. दुधाची वेळ झाली होती, ती उठली नाही. आयुष्यात मी तिला घोड्यांना थांबवताना पहिल्यांदा बघितलं.

प्रश्न १. पेशी म्हणजे काय? (गुण २)

साबा पाचव्या दिवशी पुरता जागा झाला. आगायांचं पोट बसलं होतं, खोकला उतरला होता. आत येता-जाता ते दांड्याला वीस हात मारायचे आणि धाप लागली की मोजणं माझ्यावर टाकायचे.

दहाव्या दिवशी आपाने पितळी भांडं गार पाण्याने धुतलं, किमिझने काठोकाठ भरलं, तोंडाला फडकं बांधलं. लग्नात घातलेला रुमाल डोक्याला बांधला. मला वाटलं, मला पाठवते आहे. तिने स्वतःच खोगीर घातलं. आगाय तिला सांगत होते की तुझ्या मुलीला मी शून्य दिलं तेव्हा एक विसरलो. लग्न होतं तेव्हा थोरल्या युर्तीशेजारी नवीन पांढरी युर्त उभी राहतेच की. पुढल्या वेळी अर्धा गुण देईन. आपाला त्यातलं काही कळलं नाही. तिने त्यांना सांगितलं की ओढ्याच्या गारठणक पाण्यात पाय घालून बसू नका.

ती चढाला लागली. भांड्यातलं किमिझ फडक्यातून फसफसून तिच्या बोटांवर येत होतं. ती बोटं चाटत होती आणि चालली होती. वळणावर घोडा थांबवला.

"बेरमेत."

"हो, आपा."

"काही धुऊ नकोस."

मी आत आले आणि दांडा धरला.